नरनाळा : महालातलं ऊन

१४ सप्टेंबर २०२३

पोळा. अकोट रोडवर सजवलेल्या बैलांची रांग. झुली, बाशिंगं, शिंगांना बेगड. गाडी बाजूला घेतली. आज गडावर जाणं नाही.

संध्याकाळी बॅग भरली. सिलिका जेलच्या पुड्या बदलल्या. वाइड लेन्सच्या आतल्या काचेवर, अगदी कडेला, बुरशीचा ठिपका. पावसाळी हवेत हे होतंच. कडेला आहे, निभेल.

लग्नसराई तुळशीच्या लग्नानंतर. तोवरचे दिवस नरनाळ्याचे. धाकट्याला सांगून टाकलं, स्टुडिओ तू बघ.

१५ सप्टेंबर

शहानूरच्या नाक्यावर नोंद. गडाभोवतीचं अभयारण्य १९९७ चं, मेळघाट व्याघ्रप्रकल्पातलं. गाइड सोबत घ्यायचा. आमचे गाइड काका शहानूरचेच. खांद्यावर दुपट्टा, पायात प्लॅस्टिकचे बूट. वर जाईपर्यंत बोलणं एकच, सोयाबीन.

"आगस्टात पानी नाई पडलं जी ताई. आता पडलं, तं वावर पिवळं झालं."

पिवळा मोझॅक. पांढरी माशी तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. काकांचं वावर तीन एकर.

महाकाली दरवाजापाशी थांबलो. आजूबाजूचा सातपुडा काळ्या दगडाचा आणि हा दरवाजा फिकट वालुकाश्माचा. ढगाळ उजेडात कोरीव कमळांच्या पाकळ्या मोजता येत होत्या. दोन्ही अंगांना सज्जे, वर शिलालेख. १४८७ सालचं काम. फतहुल्ला इमाद-उल-मुल्कानं करवून घेतलेलं. विजयनगरच्या मुलखात हिंदू घरात जन्मलेला मुलगा, लढाईत पकडला गेला, वऱ्हाडात वाढला, बहामनींचा इथला सुभेदार झाला. पुढे इमादशाही त्याचीच.

गडावरच्या महालात शिरले तेव्हा दुपार झाली होती. आधी काहीच दिसेना. मग कमानी दिसल्या, मग छत, मग गिलाव्यावरची नक्षी. कॅमेरा बाहेर काढला नाही. बसून राहिले.

१६ सप्टेंबर

दिवसभर पाऊस. स्टुडिओत पासपोर्ट फोटो.

१८ सप्टेंबर

महालात सगळी अडचण उजेडाची. कमानीबाहेरचं रान लख्ख, आतला कोपरा काळोखा. रानाला धरून एक्स्पोजर ठेवलं तर भिंती बुडतात. भिंतींना धरलं तर बाहेर पांढरा भोक पडल्यासारखा डाग. वेगवेगळ्या एक्स्पोजरची चित्रं घेऊन नंतर एकत्र करता येतात. करून पाहिली. सगळीकडे सारखा उजेड आला. त्या खोलीत असा उजेड कधी पडला नसेल.

फ्लॅश नाही. छताला वटवाघळं आहेत.

काकांनी एक युक्ती सुचवली. चादर धुवून आणा, म्हणाले, पांढरी. उन्हात पसरली की आत उजेड फेकते. त्यांच्या घरी लग्नात व्हिडिओवाल्यानं केलं होतं.

१९ सप्टेंबर

गणपती बसले. आईनं तांदळाची खीर केली. दुपारी डबलबेडची जुनी पांढरी चादर शोधून काढली. आई काही बोलली नाही, फक्त म्हणाली, डाग पाडून आणू नको.

२१ सप्टेंबर

चादर पसरली. कमानीच्या आत, उंबऱ्याशी, उन्हाच्या पट्ट्यात. छत उजळलं. ट्रायपॉड जमिनीलगत, आठ सेकंद.

पहिल्यांदाच छताचा गिलावा नीट पाहिला. चुन्यावर उठवलेली गोल फुलं, काठाला वेल. निम्मी गळाली आहेत. जिथं गळाली तिथं खालची वीट उघडी. ओल खालपर्यंत उतरलेली, शेवाळ हिरवंगार. हे शेवाळ उन्हाळ्यात जाईल. म्हणजे महालाची आजची भिंत सप्टेंबरची भिंत आहे. तारखेशिवाय या फोटोला अर्थ नाही. प्रत्येक फोटोखाली तारीख, वेळ, कुठे तोंड करून उभी होते, सगळं लिहायचं. आजपासून.

२३ सप्टेंबर

नागपुरात रात्रीत धो धो पाऊस, अंबाझरी तलाव भरून वाहिला, वस्त्यांत पाणी. मावशीचा फोन लागत नव्हता. दुपारी लागला. ठीक आहेत. तळमजल्याचं सगळं गेलं.

आपल्याकडे भुरभुर. काम सुचलं नाही.

२७ सप्टेंबर

भिंतींवर नावं. कोळशानं, खिळ्यानं, खडूनं. बदामात दोन नावं, बाणासकट. काहींनी साल घातलं आहे, काहींनी गाव. अंजनगाव, तेल्हारा, परतवाडा. एवढ्या उंचीवर हात पोचायला कुणीतरी कुणाच्या खांद्यावर चढलं असणार. राग आला. खूप आला. नक्षीच्या फुलाच्या मधोमध खिळ्यानं नाव कोरलंय, ते फूल आता परत होणार नाही.

नावं टाळून फ्रेम लावायला लागले. कॅमेरा वर, मग डावीकडे, मग अजून वर. भिंतीचा तो तुकडा सापडला. स्वच्छ, जुना, देखणा. फोटो सुंदर आला.

घरी येऊन बराच वेळ त्याच्याकडे पाहत बसले. या फोटोत खोलीच नाही.

३० सप्टेंबर

खाली उतरताना काका थबकले, बोटानं खुणावलं. सागाच्या वाळक्या फांदीवर ठेंगणा, गुबगुबीत पक्षी. भर दिवसा ओरडत होता. रानपिंगळा.

काकांना तो लहानपणापासून माहीत. शास्त्रज्ञांना तो एकशेतेरा वर्षं माहीत नव्हता. १८८४ नंतर खात्रीची नोंदच नाही. मग नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ सापडला, पॅमेला रासमुसेन आणि तिच्या सोबत्यांना. त्यानंतर मेळघाटात सापडला, बऱ्यापैकी संख्येनं.

लांब लेन्स बॅगेत तळाशी होती. काढेपर्यंत उडाला. चालेल. आवाज नोंदवला फोनवर.

१ ऑक्टोबर

काल रात्री रानपिंगळ्यावर वाचत बसले. एवढी वर्षं का सापडला नाही त्याचं एक कारण, खोटी चिठ्ठी. रिचर्ड माइनर्ट्झहागेन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं म्युझियममधून दुसऱ्याचा जुना नमुना चोरला. खानदेशात कलेक्टर असलेल्या जेम्स डेव्हिडसननं गोळा केलेला. त्यावर स्वतःची चिठ्ठी लावली : १९१४, गुजरातेत मांडवी. लोक तिथे जाऊन शोधत राहिले. पक्षी नव्हताच तिथे. रासमुसेननं चिठ्ठी खोटी ठरवली, ती नोंद बाजूला सारली, उरलेल्या खऱ्या नमुन्यांची ठिकाणं धरून शोध घेतला, आणि रानपिंगळा समोर बसलेला.

एक चिठ्ठी.

२७ तारखेचा तो सुंदर फोटो काढून टाकला नाही. त्याखाली लिहिलं : डावीकडे व खाली भिंतीवर नावं कोरलेली, या चौकटीत घेतलेली नाहीत.

४ ऑक्टोबर

पाऊस उघडला. सागाची पानं अळीनं खाऊन नुसती जाळी उरली आहे. सूर्याकडे धरली की शिरा न् शिरा दिसते. महालाच्या गिलाव्याला अशाच बारीक भेगांची जाळी. दोन्हींचे फोटो एका अंतरावरून घेतले, एकाच लेन्सनं. शेजारी शेजारी लावायचे का? ठरत नाही. फार जुळवून आणल्यासारखं होईल.

गवतात तरोट्याची पिवळी फुलं, कुर्डूचे तुरे. कुसळं सलवारभर.

५ ऑक्टोबर

आईचा खोकला. डॉक्टर म्हणाले हवा बदलतेय.

९ ऑक्टोबर

काकांची सोंगणी सुरू. त्यांच्याऐवजी पुतण्या आला, कॉलेजात जाणारा, बोलका. त्याला तोफ दाखवायची हौस. तटावरची नऊगजी. ऊन सरळ डोक्यावर होतं, तरी त्याच्या समाधानासाठी काढले फोटो. मग सावलीत बसून त्यानं विचारलं, "ताई, तुमी आतल्या कोपऱ्याचेच फोटो काहून काढता? सगळे बाहेरून काढतेत."

बाहेरून सगळे काढतात म्हणूनच, म्हणाले. आणखीही काही सांगायचं होतं, शब्द जुळले नाहीत. आत उभं राहिल्यावरच कळतं की महालाला रानाचं तोंड आहे. बसणाऱ्यानं काय पाहावं हे बांधणाऱ्यानं ठरवलेलं. कमान हीच चौकट. कुणीतरी पाचेकशे वर्षांपूर्वी माझं काम करून ठेवलंय, मी फक्त त्या जागी उभी राहते.

१० ऑक्टोबर

हे कालच सुचायला हवं होतं : आतले फोटो आणि निसर्गाचे फोटो असे दोन संच नकोतच. एकच संच. प्रत्येक आतल्या फोटोत रान हवं, थोडं तरी. उजेडाच्या रूपानं का होईना.

१३ ऑक्टोबर

रात्री वाचन. इमादशाहीचा शेवटचा सुलतान बुऱ्हाण. पोरवयात गादीवर. सरदार तुफालखानानं सत्ता बळकावली आणि पोराला ठेवलं कुठे, तर नरनाळ्यावर कैदेत. १५७४ मध्ये अहमदनगरच्या मूर्तझा निजामशहानं गड घेतला, राज्य संपलं. फतहुल्लाही पकडून आणलेला मुलगाच होता. एका पकडलेल्या मुलापासून सुरू झालेलं घराणं दुसऱ्या पकडलेल्या मुलावर संपलं.

मोठे लोक गडाच्या इतिहासात लढाया सांगतात. मला ते पोर डोक्यातून जाईना. त्याला कुठल्या खिडकीतून काय दिसत असेल.

१७ ऑक्टोबर

ऊन कलत चाललंय तसं महालात खोलवर येतंय. सप्टेंबरात उंबऱ्याशी थांबायचं. आज आतल्या भिंतीच्या पायथ्याला टेकलं. चादर लागली नाही.

आठ सेकंदांचं एक्स्पोजर दोनवर आलं.

वटवाघळं आतल्या बाजूला सरकली. जमिनीवर त्यांच्या विष्ठेचा नवा ढीग, पूर्वीच्या जागेपासून हातभर आत.

१८ ऑक्टोबर

एका प्रकाशकाचा फोन. पुढच्या वर्षीच्या भिंतीवरच्या कॅलेंडरसाठी वऱ्हाडातले गड आणि वाडे. बारा पानं. पैसे बरे. नमुन्याला दहा फोटो पाठवा म्हणाले.

आईला सांगितलं. ती खूश.

२० ऑक्टोबर

फोटो पाठवले. वाट पाहणं सुरू. मधल्या वेळात बाळापूरला जाऊन आले. मन नदीकाठची छत्री, मिर्झा राजा जयसिंगाच्या नावाची. किल्ला औरंगजेबाच्या मुलाच्या काळात सुरू झालेला, १७५७ मध्ये अचलपूरच्या नवाब इस्माईलखानानं पुरा केला. विटांचा तट संध्याकाळी तांबडा होतो. छत्रीत वारा चारी बाजूंनी. तिथं आत आणि बाहेर असं काही नाहीच, खांबांमधून सगळीकडे नदीचं पात्र. बरं वाटलं.

२४ ऑक्टोबर

दसरा. कॅमेऱ्याला हळदकुंकू, आपट्याची पानं. धाकट्यानं ट्रायपॉडलाही हार घातला.

काकांना फोन. सोयाबीन निघालं, एकरी तीन पोते. हमीभाव ४६००, पण माल ओला म्हणून व्यापारी खाली मागतात. "इकून टाकलं जी. ठेवाले जागा कुटं हाय?"

२६ ऑक्टोबर

प्रकाशकाचं उत्तर. फोटो आवडले. एकच काम करा, भिंतीवरची नावं पुसून टाका. आणि छताचं शेवाळही, ते घाण दिसतं. संगणकावर पाच मिनिटांचं काम आहे, तुम्हाला सांगायला नको.

खरं आहे. पाच मिनिटांचंच.

२७ ऑक्टोबर

उत्तर दिलं नाही.

पॅरिसच्या युजेन आत्जेचं पुस्तक काढून बसले. जुन्या शहरातली दारं, जिने, अंगणं, दुकानं. लाकडी कॅमेरा, काचेच्या प्लेट्स, लांब एक्स्पोजर. माणूस हलला की पुसट सावली उरायची, तो ती तशीच राहू द्यायचा. आपल्या फोटोंना तो दस्तऐवज म्हणायचा. त्यातली कितीतरी घरं नंतर पडली. आता ती त्याच्या प्लेट्सवरच.

२८ ऑक्टोबर

कोजागिरी. मध्यरात्रीनंतर खंडग्रास ग्रहण, म्हणून गच्चीवर दूध लवकर आटवलं. शेजारच्या मुलांनी चंद्राचा फोटो काढून मागितला. काढला.

गडावर आज चांदणं पडलं असेल. रात्री तिथे थांबता येत नाही, आणि ते योग्यच आहे. रात्र जनावरांची.

३१ ऑक्टोबर

प्रकाशकाला लिहिलं. नावं पुसणार नाही, शेवाळही नाही. नावं नसलेल्या बाजूचे फोटो आहेत, ते हवे तर घ्या, पण सोबत ओळ छापा की ही खोलीची एक बाजू आहे. ती ओळ छापली नाही तर फोटो परत.

पाठवल्यावर पोटात गोळा. कॅमेऱ्याचा हप्ता दर महिन्याच्या ५ तारखेला जातो.

२ नोव्हेंबर

नकार आला. सभ्य शब्दांत.

आईला सांगितलं. ती भांडी लावत होती. म्हणाली, "पोरांनी नावं लिहिली ती वाईटच. पण लिहिली तं लिहिली. तू कशाला लपवशील?"

६ नोव्हेंबर

सीताफळं. गडावर जिकडे तिकडे, तटाच्या भेगांतूनसुद्धा. माकडांनी अर्धी खाऊन फेकलेली. महालामागच्या ढिगाऱ्यावर एक झुडूप, फळांनी वाकलेलं, मागे पडकी भिंत. सकाळी सव्वासातला ऊन बरोबर भिंतीवर.

काका आज आले. गळून गेलेत. पण सीताफळ फोडून अर्धं माझ्या हातावर ठेवलं, आणि म्हणाले, या झाडाचं सगळ्यात गोड. गडावरच्या प्रत्येक झाडाची चव त्यांना ठाऊक.

त्यांचा फोटो काढू का विचारलं. नको म्हणाले. मग थोड्या वेळानं स्वतःच कमानीत जाऊन उभे राहिले, पाठ माझ्याकडे, तोंड रानाकडे. काढला. दोन सेकंद. हलले नाहीत.

१२ नोव्हेंबर

दिवाळी. लक्ष्मीपूजन. स्टुडिओ फुलांनी भरलेला. उद्यापासून साखरपुड्यांची कामं.

१६ नोव्हेंबर

सकाळी फक्त दोन तास मिळाले. ऊन आता आतल्या भिंतीवर कंबरेएवढं चढतं. नेमकं नावांवर. तिरपं पडल्यामुळे खिळ्याची प्रत्येक रेघ सावली टाकते. सप्टेंबरात कोळशाच्याच रेघा दिसत होत्या. आज तेव्हा न दिसलेली नावं दिसली, जुनी, पुसट, वर नवा चुना फासलेली. आणि त्याच उजेडात, त्याच भिंतीवर, नक्षीचं फूलही पूर्ण उठून आलं. पाकळ्यांचे काठ धारदार.

नावं आणि फूल एका चौकटीत घेतली. कमानीची कड उजवीकडे, तिच्यात सागाची उघडी फांदी. हाच तो फोटो. आणखी काढायला हात झाला नाही.

खाली लिहिलं : १६ नोव्हेंबर, सकाळ, आठ वाजून दहा मिनिटं. भिंत जशी आहे तशी.

२४ नोव्हेंबर

तुळशीचं लग्न. सराई सुरू. मूर्तिजापूर, वाशीम, दर्यापूर, तारखांवर तारखा.

२७ नोव्हेंबर

अवकाळी. रात्रभर पाऊस, विजा. कापूस बोंडात भिजला, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी वावरं पांढरी आणि चिंब. लग्नाचा मांडव कोसळला, वधूचे फोटो देवळाच्या ओसरीत काढले.

काकांचा फोन बंद.

२८ नोव्हेंबर

काका बोलले. तुरीचा फुलोरा झडला. तेवढंच बोलले.

१ डिसेंबर

एक सकाळ सुट्टी. महाल ठिबकत होता. छताच्या त्याच जागी ओल, सप्टेंबरात होती तिथेच, पण आता खाली जमिनीवर गिलाव्याचा ताजा तुकडा पडलेला. फुलाची अर्धी पाकळी. उचलला नाही. पडल्या जागी फोटो, शेजारी मापाची पट्टी. मग छताचा, जिथून निसटला ती जागा. सप्टेंबरचे, नोव्हेंबरचे आणि आजचे, तिन्ही फोटो एकाच ठिकाणाहून काढलेले. तारखा आहेत. गड पुरातत्त्व खात्याकडे आहे. तिन्ही फोटो आणि पत्र नागपूरच्या कार्यालयाला पाठवायचे. ओल कुठून उतरते ते यात सरळ दिसतं.

पत्राचा मसुदा गाडीतच लिहिला. डागडुजी झाली तर पुढच्या पावसाळ्याआधी झाली पाहिजे. तसं स्पष्ट लिहिलं.

४ डिसेंबर

पत्र रजिस्टर पोस्टानं. पोचपावती जपून ठेवायची.

काकांचा कमानीतला फोटो छापला, बारा बाय अठरा, मॅट कागद. त्यांच्या पुतण्यालाही एक, तोफेसोबतचा.

९ डिसेंबर

काकांकडे जेवण. भाकर, ठेचा, तरोट्याची वाळवलेली भाजी. फोटो भिंतीला लावला त्यांनी, देवाच्या फोटोच्या खालच्या अंगाला. काकू म्हणाल्या, तोंड नाही दिसत यांचं. काका म्हणाले, "मले काय पायाचं? रान पाय."

तूर परत फुटते आहे. थंडी टिकली तर थोडं तरी हाती लागेल.

११ डिसेंबर

धाकट्याला सांगितलं : मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात लग्नाची तारीख घेऊ नको. कुसुंबाला तेव्हा लाल पालवी येते, महालासमोर एक झाड आहे, काकांनी दाखवून ठेवलंय. ऊन उंबऱ्याकडे परत निघालेलं असेल. चादर लागेल.

लेन्स साफसफाईला मुंबईला पाठवली. बुरशीचा ठिपका वाढला होता.